गावाचा टॉवर आणि चार कुलपं : मोबाईल नेटवर्क ‘ओपन’ होण्याचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी सगळं तसंच ठेवलं आहे.

मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं डोंगराळ राज्य आहे. तिथे तालेआ दे कास्त्रो हे झापोतेक या मूळनिवासी समाजाचं, कॉफी पिकवणारं गाव. वस्ती साधारण अडीच हजार. गावातली कितीतरी माणसं कामासाठी अमेरिकेत गेलेली. मोबाईल कंपन्यांनी मात्र या गावाकडे पाठ फिरवलेली, कारण एवढ्याशा गिऱ्हाइकांसाठी टॉवर उभा करणं त्यांना परवडत नव्हतं.

२०१३ मध्ये या गावाने स्वतःचंच मोबाईल नेटवर्क सुरू केलं. छपरावर अँटेना, खाली एक छोटा रेडिओ आणि एक कॉम्प्युटर. सुरुवातीला महिन्याची वर्गणी होती १५ पेसो. एकाच वेळी मोजकेच कॉल चालू शकत, म्हणून गावाने नियम केला, की एक कॉल पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. परदेशी कॉल इंटरनेटवरून जायचे, त्यामुळे तेही स्वस्त पडायचे.

आता विचार करा. मोबाईल नेटवर्क म्हणजे हजारो कोटींचा कारभार, असं आपण धरून चाललेलो असतो. मग कॉफीचे मळे असलेल्या एका गावाला ते कसं जमलं? आणि जमत होतं, तर त्याआधी कुणी का केलं नाही? आजचा भाग या दोन प्रश्नांवर आहे. याचं उत्तर शोधताना आपण फाइव्ह-जीपर्यंत येऊन पोहोचणार आहोत. कारण आज फाइव्ह-जीच्या संदर्भात ‘ओपन’ हा शब्द फार ऐकू येतो, आणि तो वापरणारा प्रत्येक जण एकच गोष्ट सांगत असतो असं नाही.

मानक उघडं, डबा बंद

थोडं मागे जाऊ. १९८२ साली युरोपातल्या टपाल-तार खात्यांनी मिळून एक समिती नेमली. तिच्यातूनच जीएसएम हे मानक तयार झालं. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये जीएसएमवरचा पहिला कॉल झाला. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन लावला, तोच भारतातला पहिला मोबाईल कॉल. पुढे १९९८ मध्ये थ्रीजीपीपी ही संस्था स्थापन झाली, आणि थ्री-जी, फोर-जी, फाइव्ह-जीची मानकं तिथेच ठरत आली.

ही मानकं गुपित नाहीत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हजारो पानांचे हे दस्तऐवज आज कुणीही इंटरनेटवरून फुकट उतरवून वाचू शकतो. मग अडचण कुठे होती?

खानावळीचं उदाहरण घ्या. बाहेर फळ्यावर लिहिलेलं असतं : दोन भाज्या, आमटी, भात, तीन पोळ्या. ताटात काय येणार ते सगळ्यांना कळतं. आत चुलीपाशी काय चाललंय ते मात्र गिऱ्हाइकाला दिसत नाही. मोबाईल मानकं म्हणजे तो फळा. फोन आणि टॉवर यांनी हवेतून एकमेकांशी कसं बोलायचं, हे सगळं लिहिलेलं. ते प्रत्यक्षात घडवणारं सॉफ्टवेअर मात्र मोजक्या कंपन्यांच्या बंद डब्यांत.

आणि फळ्यावरही काही जागा मोकळ्या ठेवलेल्या होत्या! टॉवरवरचं यंत्र, म्हणजे बीटीएस, आणि अनेक टॉवरांवर नियंत्रण ठेवणारं यंत्र, म्हणजे बीएससी. या दोघांमधल्या जोडणीचं मानक कागदावर होतं, पण प्रत्येक कंपनीने त्यात आपापल्या खाचाखोचा घातल्या. परिणाम असा, की एका कंपनीचा बीटीएस घेतला की बीएससीही तिच्याकडूनच घ्यावा लागे. एकदा सोयरीक जुळली की काडीमोड कठीण.

वर सोयरीक जुळवायला स्थळंही कमी होत गेली. २००६ मध्ये अल्काटेल आणि ल्युसेंट एक झाल्या, २००७ मध्ये नोकिया आणि सीमेन्सने आपले नेटवर्कचे धंदे एकत्र केले, २००९ मध्ये कॅनडाची नॉर्टेल दिवाळखोरीत गेली, २०१६ मध्ये नोकियाने अल्काटेल-ल्युसेंट ताब्यात घेतली. विकणारे चार-पाचच उरले.

बंद डब्याचा हा त्रास आपल्या देशाला नवा नव्हता. मोबाईलच्या आधी, तारेच्या टेलिफोनच्या काळात, परदेशी एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागायची. आपल्या खेड्यांत ऊन, धूळ आणि जाणारी वीज. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था उभी राहिली. सॅम पित्रोदांनी मागितले होते ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये. तिथल्या इंजिनिअरांनी १२८ जोडण्यांचं, एसीशिवाय चालणारं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. १९८६ मध्ये ते कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. पुढे त्याचं तंत्रज्ञान देशातल्या अनेक उत्पादकांना परवान्यावर देण्यात आलं. याला ओपन सोर्स म्हणता येणार नाही, तो काळही वेगळा होता. पण आत काय आहे हे माहीत असलं, तर यंत्र आपल्या मातीला जुळवून घेता येतं, एवढं त्यातून नक्की दिसलं. मोबाईलची लाट आली तेव्हा मात्र आपण पुन्हा बहुतांशी परदेशी डब्यांवर विसंबलो.

२००८ : एक वाळवंट आणि एक परिषद

तर पहिलं कुलूप होतं सॉफ्टवेअरचं. ते २००८ या एकाच वर्षात दोन ठिकाणी, दोन वेगळ्या पद्धतींनी उघडलं गेलं.

पहिली जागा अमेरिकेतली. डेव्हिड बर्जेस आणि हरविंद सामरा यांनी ओपनबीटीएस नावाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्यांची युक्ती मला फार आवडते. ते म्हणाले, मोबाईल कंपनीच्या पोटातली सगळी अवाढव्य यंत्रणा हवीच कशाला? फोन आणि टॉवर यांच्यामधली हवेतली भाषा तेवढी जीएसएमची ठेवू. टॉवरच्या पलीकडे प्रत्येक मोबाईलला साधा इंटरनेट फोन समजू, आणि कॉल जोडायला अ‍ॅस्टरिस्क वापरू. अ‍ॅस्टरिस्क हे कार्यालयांच्या टेलिफोन बोर्डाचं काम करणारं मोफत सॉफ्टवेअर तेव्हा आधीच उपलब्ध होतं. रेडिओ म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला जोडता येणारं, प्रयोगशाळांत वापरलं जाणारं यंत्र घेतलं. २००८ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात भरणाऱ्या बर्निंग मॅन या मेळ्यात त्याची चाचणी झाली. २०१० मध्ये दक्षिण पॅसिफिकमधल्या निऊए या दोन हजारांहून कमी वस्तीच्या बेटावर, तिथल्या टेलिफोन कंपनीच्या जाळ्याला जोडून, ते कायमचं बसवलं गेलं.

दुसरी जागा बर्लिन. हाराल्ड वेल्टे हा लिनक्सच्या जगातला जाणता माणूस, लिनक्सच्या फायरवॉलवर काम केलेला. त्याने उलटी वाट धरली. त्याने सीमेन्सचा जुना, वापरून काढून टाकलेला बीटीएस मिळवला आणि तो चालवणारा बीएससी स्वतःच लिहायला घेतला. म्हणजे कंपनीने ज्या खाचाखोचा घातल्या होत्या, त्या एकेक करून उकलायच्या. डिसेंबर २००८ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये त्याने आणि डीटर श्पार यांनी हे काम जगापुढे मांडलं. नाव ओपनबीएससी. त्यातूनच पुढे ऑस्मोकॉम हा मोठा प्रकल्प वाढला.

ऑस्मोकॉमने आपल्या बऱ्याच सॉफ्टवेअरसाठी एजीपीएल हा परवाना निवडला. साध्या ओपन सोर्स परवान्यांत एक पळवाट असते. सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं तरच बदल उघडे करावे लागतात. आता मोबाईल कंपनी सॉफ्टवेअर कुणाला देतच नाही, ती फक्त सेवा देते. एजीपीएल म्हणतो, नेटवर्कवरून सेवा देत असाल तरी ती वापरणाऱ्यांना बदललेला कोड मिळाला पाहिजे. टेलिकॉमसाठी याहून नेमकी अट सापडणं कठीण.

या उघडेपणाचा पहिला फायदा कुणाला झाला? सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना. जीएसएमवरचं बोलणं गुप्त ठेवणारी ए-फाइव्ह-वन ही पद्धत गुपित ठेवली होती. १९९९ मध्ये संशोधकांनी ती उलगडली, आणि २००९ मध्ये कार्स्टन नोल यांनी ती मोडण्याची साधनं जाहीर केली. तोवर जगभरातले अब्जावधी लोक, बाहेरच्या कुणालाही नीट तपासू न दिलेल्या कुलपाच्या भरवशावर बोलत होते. ऑस्मोकॉममुळे विद्यापीठातला विद्यार्थीही स्वतःच्या टेबलावर नेटवर्क उभं करून असल्या त्रुटी तपासू शकला.

आणि दुसरा फायदा झाला वाहाकाला. रायझोमॅटिका या संस्थेने ऑस्मोकॉमचं सॉफ्टवेअर, कॉल जोडणारं आणखी एक मोफत सॉफ्टवेअर आणि स्वस्त रेडिओ यांची मोट बांधून डोंगरातल्या गावांसाठी नेटवर्क तयार केलं. नेवाडा आणि बर्लिनमध्ये हौसेने आणि जिद्दीने केलेलं काम पाच वर्षांत अशा ठिकाणी पोहोचलं, जिथे त्याची खरी गरज होती.

मोठ्यांनाही डबे सलू लागले

आता गोष्टीचा दुसरा प्रवाह. हा गावांचा नाही, बड्या कंपन्यांचा.

ऑक्टोबर २०१२ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट इथे एका परिषदेत जगातल्या १३ टेलिकॉम कंपन्यांनी एक श्वेतपत्रिका काढली. एटी अँड टी, बीटी, डॉइचे टेलिकॉम, चायना मोबाईल, ऑरेंज वगैरे. तक्रार साधी होती : प्रत्येक नव्या सेवेसाठी नवा डबा घ्यावा लागतो, त्याला जागा, वीज आणि चालवणारा माणूस लागतो, आणि तोवर तो जुना होतो. मागणी अशी, की डब्यातलं काम सॉफ्टवेअर म्हणून द्या, आम्ही ते बाजारात मिळणाऱ्या साध्या सर्व्हरवर चालवू.

यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली एकेक प्रकल्प उभे राहिले. २०१७ मध्ये एटी अँड टीने नेटवर्कचा कारभार चालवणारं आपलं ८५ लाख ओळींचं सॉफ्टवेअर खुलं केलं. चायना मोबाईलचा पाठिंबा असलेला तसाच एक प्रकल्प होता. दोन्ही एकत्र होऊन ओनॅप हा प्रकल्प झाला. अमेरिकी आणि चिनी टेलिकॉम कंपन्या एकाच कोडवर काम करताहेत, हे दृश्य आज विचित्र वाटेल, पण तेव्हा ते घडलं.

पण हे सगळं नेटवर्कच्या पोटातलं. टॉवरवरचा रेडिओ अजून बंदच होता, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच. टॉवरच्या टोकावरचा रेडिओ आणि खालचं गणित करणारं यंत्र एकाच कंपनीचं घ्यावं लागे. म्हणजे ज्या खाचाखोचांशी वेल्टे २००८ मध्ये झुंजत होता, त्यांचाच हा नवा अवतार. फेब्रुवारी २०१८ मध्ये एटी अँड टी, चायना मोबाईल, डॉइचे टेलिकॉम, एनटीटी डोकोमो आणि ऑरेंज यांनी ओ-रॅन अलायन्स स्थापन केली. उद्देश हा, की या मधल्या जोडणीचं मानक असं पक्कं करायचं, की एकाचा रेडिओ आणि दुसऱ्याचं सॉफ्टवेअर जुळलं पाहिजे. हे दुसरं कुलूप, जोडणीचं.

लगेच राजकारणही त्यात आलं. अमेरिकेने २०१९ मध्ये ह्वावेवर निर्बंध घातले, ब्रिटनने जुलै २०२० मध्ये २०२७ अखेरपर्यंत फाइव्ह-जीतून ह्वावेची यंत्रं काढायचं ठरवलं. चार-पाच विक्रेत्यांतला एक वजा झाला की उरतं काय, हा प्रश्न मग सरकारांनाही पडला.

जपानमध्ये राकुतेनने एप्रिल २०२० मध्ये अशा पद्धतीचं नेटवर्क सुरू केलं. त्याचे शिल्पकार तारेक अमीन त्याआधी रिलायन्स जिओमध्ये होते. वेगवेगळ्या विक्रेत्यांचे भाग जोडून देशभराचं नेटवर्क चालतं, हे राकुतेनने दाखवलं. पण जोडणीची सगळी कटकट स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते हेही दाखवलं, आणि तिच्या मोबाईल व्यवसायाने वर्षानुवर्षं मोठा तोटा सोसला.

मग डिसेंबर २०२३ मध्ये आली गंमत. एटी अँड टीने ओपन रॅनसाठी पाच वर्षांचा, सुमारे १४ अब्ज डॉलरचा करार केला. कुणाशी? मुख्यतः एरिक्सनशी. म्हणजे विक्रेत्यांच्या मुठीतून सुटण्यासाठी ज्या कंपनीने ही चळवळ उभी केली, तिनेच बहुतेक काम एका जुन्या बड्या विक्रेत्याला दिलं. कागदोपत्री सगळं ओपन, दुसरा विक्रेता उद्या आणता येईल. पण येईल म्हणणं आणि आणणं यांत अंतर असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

फाइव्ह-जी आणि पेटंटचं कुलूप

सॉफ्टवेअरच्या बाजूने फाइव्ह-जीने मात्र एक मोठी सोय केली. २०१८ मध्ये पक्क्या झालेल्या मानकात नेटवर्कचा गाभा वेबसाइटसारखा रचलेला आहे. त्याचे भाग एकमेकांशी एचटीटीपी आणि जेसन वापरून बोलतात, म्हणजे वेब बनवणाऱ्या कुठल्याही मुलाला ओळखीच्या वाटतील अशा पद्धतींनी. त्यामुळे ओपन-फाइव्ह-जीएस आणि तैवानच्या विद्यापीठातून आलेलं फ्री-फाइव्ह-जीसी असे गाभे उभे राहिले. रेडिओच्या बाजूला फ्रान्सच्या युरेकॉम संस्थेचं ओपनएअरइंटरफेस आणि आयर्लंडहून आलेलं एसआरएस-रॅन आहे. एक चांगला लॅपटॉप आणि एक प्रायोगिक रेडिओ असेल, तर आज टेबलावर फाइव्ह-जी चालवता येतं.

मग हे विकता का येत नाही सहज? इथे तिसरं कुलूप, पेटंटचं. मानक वाचायला फुकट असलं, तरी त्यातल्या असंख्य कल्पनांवर कंपन्यांची पेटंटं आहेत. म्हणून ओपनएअरइंटरफेसने आपला परवाना वेगळा लिहिला. अभ्यास आणि संशोधनासाठी पेटंट मोफत, पण धंद्यासाठी वाजवी मोबदला ठरवून घ्या. ओ-रॅनच्या सॉफ्टवेअर प्रकल्पातही याच कारणाने दोन वेगळे परवाने ठेवावे लागले. कोड तुमचा, पण कल्पनेचं भाडं दुसऱ्याला, असा हा व्यवहार आहे.

चौथं कुलूप, हवेतलं

आता पुन्हा तालेआला जाऊ. गावाकडे सॉफ्टवेअर होतं, रेडिओ होता, वर्गणी होती. नव्हती ती एकच गोष्ट : त्या लहरी वापरण्याचा पक्का हक्क. सगळे कायदे मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून केलेले. ज्या लहरींचा परवाना कंपन्यांनी घेतला, पण ज्या गावात त्या वापरल्याच नाहीत, तिथे त्या कुणाच्या?

२०१४ च्या मेक्सिकोच्या दूरसंचार कायद्यात मूळनिवासी समाजांना स्वतःसाठी, नफा न कमावता चालवायचा परवाना मिळण्याची तरतूद आली. २०१६ मध्ये या गावांच्या संघटनेला तसा परवाना मिळाला. हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरला जमण्यासारखं नव्हतं. त्यासाठी गावांना आणि त्यांच्या वकिलांना सरकारदरबारी खेटे घालावे लागले.

तालेआत पुढे व्यापारी कंपनी आलीच, आणि बरेच गावकरी तिच्याकडे वळले. काही जण याला हार म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या गावात गिऱ्हाईक नाही असं सांगितलं जात होतं, तिथे ते आहे हे गावाने आधी सिद्ध केलं, आणि आसपासच्या इतर गावांसाठी कायद्याची वाट मोकळी करून ठेवली.

आपल्याकडे काय? भारतात मोबाईलच्या लहरी मुख्यतः लिलावाने जातात, आणि लिलावात ग्रामपंचायत उतरू शकत नाही. पण हाच प्रश्न आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी दुसऱ्या बाजूने विचारला. त्यांनी टीव्हीसाठी राखून ठेवलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा अभ्यास केला. १५ पैकी निदान १२ वाहिन्यांची जागा देशात जवळजवळ सगळीकडे रिकामी पडून असल्याचं त्यांना आढळलं. मग अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली ग्राममार्ग हा प्रकल्प झाला. पालघर जिल्ह्यात आधी सात गावांपर्यंत या रिकाम्या लहरींवरून, आणि नंतर २५ गावांपर्यंत इंटरनेट नेऊन दाखवलं गेलं. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या कामाला पहिलं पारितोषिक मिळालं. मुंबईपासून गाडीने दोन-तीन तासांवरच्या खेड्यांची ही गोष्ट, पण तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत तिच्याहून जास्त जागा लिलावाच्या आकड्यांना मिळायची. लहरी मात्र त्या प्रयोगासाठी खास परवान्यावर घ्याव्या लागल्या होत्या, म्हणजे मेक्सिकोसारखा कायम हक्क नव्हे.

मे २०२२ मध्ये आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने आठ संस्थांनी मिळून उभारलेली फाइव्ह-जीची चाचणी यंत्रणा सुरू झाली. तिच्यातही आयआयटी मुंबई आहे. आपल्या नवउद्योगांना यंत्रं तपासायला परदेशी जावं लागू नये, हा तिचा हेतू. सॉफ्टवेअर आणि जोडणी या पहिल्या दोन कुलपांसाठी आपल्याकडे आता माणसं आणि जागा दोन्ही आहेत.

तर मंडळी, पुढच्या वेळी ‘आमचं नेटवर्क ओपन आहे’ अशी जाहिरात दिसली, की एवढं विचारून बघा : जोडणी ओपन आहे, की कोडही? कोड असेल, तर तो घेऊन धंदा करता येतो का? आणि तो चालवण्यासाठी हवेतली जागा कुणाला मिळते? ओ-रॅनमधल्या कंपन्यांना पहिलं उत्तर पुरेसं होतं, कारण बाकीचं त्यांच्याकडे होतंच. तालेआला शेवटचं उत्तर हवं होतं. सिक्स-जीची मानकं ठरवण्याचं काम थ्रीजीपीपीत सुरू झालं आहे. मेळघाटातल्या किंवा सह्याद्रीतल्या ज्या वाड्यांवर अजून रेंज शोधायला टेकाडावर चढावं लागतं, त्यांच्या कामाचा प्रश्न तिथे नाही, दिल्लीत लहरींच्या वाटपाच्या नियमांत सुटायचा आहे.

तुमच्या गावात रेंजची काय परिस्थिती आहे, ते खाली जरूर लिहा. पुढच्या एखाद्या भागात तुमच्या उत्तरांवर बोलू.